तिखट कानाचा माणूस

आमच्या घरी जेवताना रेडिओ चालू असतो. दुपारी आणि रात्री, पाहुणे असोत वा नसोत, पानं वाढून झाली की मी हात लांब करून बटण फिरवतो. आकाशवाणीवर त्या वेळी काय चाललं आहे याला फारसं महत्त्व नसतं. भावगीतं असोत, बातम्या असोत, नाहीतर भातावरच्या किडीचा बंदोबस्त कसा करावा यावरचं एखाद्या कृषी अधिकाऱ्याचं भाषण असो, आम्ही सगळं सारख्याच भक्तिभावाने ऐकतो. नवख्या माणसाला वाटतं, घर मोठं रसिक दिसतंय. आमचे व्याही एकदा म्हणालेसुद्धा, "तुमच्याकडे जेवायला बसलेला माणूस बहुश्रुत होऊनच उठतो हो!" मी हसून वेळ मारून नेली. खरं कारण सांगायला मला वयाची साठी उलटावी लागली. तो रेडिओ गाण्याच्या हौसेपोटी लावलेला नसतो. माझी बायको घास चावते त्याचा आवाज माझ्या कानांवर पडू नये, एवढ्यासाठी तो लावलेला असतो.

वरचं वाक्य लिहून मी थोडा वेळ पेन खाली ठेवलं होतं. वाचताना ते जितकं क्रूर वाटतं तितकंच लिहितानाही वाटलं. माझी बायको सुसंस्कृत घरातली आहे, तोंड मिटून जेवते. शेजारी बसलेल्या कुणालाही तिचा आवाज येणार नाही. मला येतो. नुसता येत नाही, तर पंखा, बाहेरची रहदारी, नातवाची बडबड हे सगळं बाजूला सारून तो एकटाच माझ्यापर्यंत येऊन पोचतो. मग मानेतून एक शिणक वर चढते, जबडा आवळला जातो, छाती धडधडू लागते. समोरच्या माणसाने विनाकारण मुस्काटात मारावी तसा त्याचा संताप येतो. दुसऱ्याच क्षणी त्या संतापाची लाज वाटते. तोवर पुढचा घास आलेला असतो. ताटावरून उठेपर्यंत संताप आणि लाज यांची अशी पाळीपाळीने ये-जा चालू राहते. याला 'चिडचीड' म्हणणं म्हणजे पुराला 'ओल' म्हणण्यासारखं आहे.

हे सुरू झालं १९७१च्या पावसाळ्यात. मी अकरा वर्षांचा होतो. आमचे अण्णा प्राथमिक शिक्षक. आवाज चढवलेला मी त्यांना कधी पाहिलं नाही. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात आम्ही माजघरात पाटांवर जेवायला बसत असू. कुळथाचं पिठलं, भात आणि वर ताक. अण्णा पिठल्याचा भुरका मारत. भुरका हे आपल्याकडे तृप्तीचं लक्षण. भुरका ऐकू आला नाही तर वाढणारीला चुकल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मात्र तो आवाज मला एकाएकी सोसवेना. मी ताट उचललं आणि पडवीत जाऊन बसलो. आईला वाटलं, बाहेर पाऊस बघायला गेला असेल. दुसऱ्या दिवशीही गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. मग अण्णा एवढंच म्हणाले, "मोठा झालाय तो. त्याला आता आपल्या पंगतीला बसायला कमीपणा वाटतो." त्यांना काय उत्तर द्यावं हे मला कळलं नाही. माझ्याजवळ त्यासाठी शब्दच नव्हता.

* * *

शब्द नसलेली गोष्ट माणूस लपवतो. मी ती बँकेत अडतीस वर्षं लपवली. १९८२ साली नोकरीला लागलो तेव्हाची बँक म्हणजे आवाजांचा बाजारच होता. तारखेच्या शिक्क्याची दणादण, हँडल फिरवून बेरजा करणाऱ्या फॅसिट यंत्राचा खडखडाट, काउंटरवर आपटणारी पितळी टोकनं, वीज गेली की मागच्या बोळात धडधडणारा जनरेटर. या कशाचाही मला त्रास झाला नाही. जनरेटरला टेकून मी डे बुक टॅली केलेलं आहे. पण पलीकडच्या पिंजऱ्यात बसलेला रोखपाल ओल्या स्पंजाची डबी बाजूला सारून अंगठा जिभेला लावायचा आणि नोटा मोजू लागायचा, तेव्हा माझी बेरीज चुकायची. जिभेचा तो ओला 'टच्' आणि पाठोपाठ नोटेची फरफर. दिवसातून हजार वेळा. माणूस लाखात एक. माझ्या मुलीच्या बारशाला त्याने चांदीची वाटी दिली होती. त्याच्या अंगठ्यापायी मी रोखविभाग टाळत राहिलो आणि कुणी जायला तयार नसलेल्या खेड्यातल्या शाखा मागून घेतल्या. कचेरीत माझी त्यागी अशी ख्याती झाली. नोटांच्या पुडक्यांना पिना मारायच्या नाहीत असं रिझर्व्ह बँकेने २००१ साली फर्मावलं ते नोटा स्वच्छ राहाव्यात म्हणून. पिना उपसण्याच्या आवाजातून सुटलो म्हणून मी मात्र ते परिपत्रक घरून आलेल्या पत्रासारखं दोनदा वाचलं.

माझ्या कादंबऱ्यांत जेवणाचे प्रसंग जवळजवळ नाहीत, हे एका समीक्षकाने हेरलं होतं. त्याने त्याचा संबंध आधुनिक माणसाच्या तुटलेपणाशी जोडला. मी त्याला आभाराचं पत्र पाठवलं.

आपल्या भाषेत कानाचं कौतुक काही कमी नाही. कान टवकारतात, किटतात, उपटले जातात, फुंकले जातात, कानठळ्या बसतात, कुणी हलक्या कानाचा असतो, कुणी ऐकलेलं कानामागे टाकतो. लांबचं, बारीक ऐकू येणाऱ्याला आपण 'तिखट कानाचा' म्हणतो. मला तो शब्द आवडतो. मात्र त्यात एक गफलत आहे. तिखट कान म्हणजे जास्त ऐकणारा कान. माझ्या कानांची पुढे रीतसर तपासणी झाली तेव्हा आलेख अगदी माझ्या वयाच्या माणसासारखा निघाला, वरच्या पट्टीतलं तर थोडं कमीच ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाले, "कान उत्तम आहेत, काळजी करू नका." काळजी मिटली नाही. वाढली. कान उत्तम असतील तर बिघडलं आहे ते काय?

* * *

उत्तर माझ्या मुलीने आणलं. २०१७च्या फेब्रुवारीत तिचा पुण्याहून फोन आला. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या एका संशोधनाची बातमी तिने वाचली होती. "बाबा, तुमच्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. त्याला नाव आहे," ती म्हणाली. नाव होतं मिसोफोनिया. ग्रीक भाषेत 'मिसोस' म्हणजे द्वेष आणि 'फोनी' म्हणजे ध्वनी. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात काम करणाऱ्या पावेल आणि मार्गारेट यास्त्रेबॉफ या दांपत्याने २००१ साली हा शब्द घडवला. कानांत सतत गुणगुण ऐकू येणाऱ्या रुग्णांवर ते उपचार करत. त्यांच्या ध्यानात आलं की आवाज न सोसणाऱ्यांतही दोन निरनिराळ्या जाती आहेत.

पहिली जात हायपरॲक्युसिसची. इथे तक्रार असते आवाजाच्या मोठेपणाची. ताटवाट्यांचा खणखणाट, कुकरची शिटी, कुत्र्याचं भुंकणं असे सर्वांना चालणारे आवाज या माणसाला दुखतात, अक्षरशः कानांत कळ येते. याची काही कारणं कानातच सापडतात. आपल्या मधल्या कानात घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं एक चिमुकलं हाड असतं, शरीरातलं सर्वांत लहान. मोठा आवाज आला की एक तेवढाच बारीक स्नायू त्या हाडाला आवरून धरतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होऊन तोंड वाकडं झालं, की कधीकधी हा स्नायूही लुळा पडतो आणि त्या बाजूच्या कानात साधे आवाज दणदणू लागतात. स्फोट, यंत्रांचा गोंगाट, डोक्याला मार यांमुळेही हा त्रास मागे लागू शकतो. स्वमग्न मुलांत तो पुष्कळदा दिसतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या निदानग्रंथात, आवाज, स्पर्श, उजेड यांबद्दलची अशी तीव्र संवेदना हे स्वमग्नतेचं एक लक्षण म्हणून नोंदलेलं आहे.

दुसरी जात माझी. इथे मोठेपणाचा प्रश्नच नसतो. ठरावीक आवाज, बहुधा माणसाच्या तोंडानाकातून निघणारे आणि पुन्हा पुन्हा होणारे: चावणं, भुरकणं, नाक ओढणं, घसा खाकरणं, पेनची कळ टकटक दाबणं. न्यूकॅसलच्या सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा त्रास असलेल्या वीस जणांना आणि त्रास नसलेल्या बावीस जणांना तीन तऱ्हेचे आवाज ऐकवले. पावसासारखे साधे आवाज, तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखे कुणालाही नकोसे वाटणारे आवाज, आणि खाण्याचे-श्वासाचे आवाज. पहिल्या दोन प्रकारांत दोन्ही गटांत फरक नव्हता. तिसऱ्याला मात्र त्रास असलेल्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, तळव्यांना घाम आला, आणि मेंदूतला 'इन्सुला' नावाचा भाग पेटून उठला. कुठल्या गोष्टीकडे लक्ष द्यायचं आणि तिच्याबद्दल काय वाटून घ्यायचं हे ठरवण्यात त्या भागाचा मोठा वाटा असतो. २०२१ साली याच मंडळींनी आणखी एक गोष्ट दाखवली. आमच्यासारख्यांच्या मेंदूत ऐकण्याच्या केंद्राचा तोंड-जबडा हलवणाऱ्या केंद्राशी नेहमीपेक्षा घट्ट संबंध असतो. म्हणजे समोरचा चावतो तेव्हा, मी न हलता बसलो तरी, माझ्या मेंदूतला जबडा त्याच्या संगतीने चावू पाहत असतो. कुणीतरी आपल्या तोंडात बळेच शिरल्याची जी भावना मला पन्नास वर्षं येत होती, तिला एवढा सरळ अर्थ होता.

सगळंच उमगलं आहे असं कुणी म्हणत नाही. २०२२ साली तज्ज्ञांच्या एका समितीने या विकाराची सर्वमान्य व्याख्या ठरवली. मनोविकारांच्या अधिकृत याद्यांत मात्र त्याला अजून स्वतंत्र जागा नाही. आपल्याकडे म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेने विद्यार्थ्यांत याची पाहणी केलेली आहे. बहुतेकांची सुरुवात दहा-बारा वर्षांच्या आसपास होते आणि पहिला असह्य आवाज बहुधा घरातल्याच माणसाचा असतो, हे वाचलं तेव्हा मला अण्णांचं वाक्य आठवलं.

फोन ठेवण्याआधी मुलगी आणखी एक बोलली होती. "लहानपणी मला वाटायचं, तुम्ही आमच्यावर रागावलेले असता. मी घास तोंडात धरून ठेवायची आणि गाणं मोठ्याने लागलं की गिळायची."

* * *

मुंबईची मंडळी रत्नागिरीला येतात आणि म्हणतात, काय शांतता आहे हो तुमच्याकडे! मला हसू येतं. शांतता इथेही कधी नव्हती. मिरकरवाड्याच्या बंदरात पहाटे ट्रॉलरची इंजिनं सुरू होतात. चिरेखाणीत जांभा कापणारं पातं करवतत असतं. आंबा धरला की माकडांना हुसकायला बागांतून फटाके वाजतात. शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजतात ते अंगणातच. थिबा पॅलेसच्या बाजूला संध्याकाळी उभं राहिलं तर भाट्याच्या खाडीपलीकडून समुद्राची गाज येते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यापासून रात्रीच्या गाडीची शिटी त्यात मिसळली आहे. हे सगळे आवाज मला प्रिय आहेत. आणि पावसाबद्दल काय सांगू! वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आमच्या कौलांवर कोसळतो. पत्र्याच्या पडवीत तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. माझ्या आयुष्यातली निवांत जेवणं मी त्या चार महिन्यांतच जेवलो. जून उजाडला की रेडिओला सुटी.

खरी परीक्षा मे महिन्यात असते. घरात पंधरा पाहुणे, माजघरात आंब्यांची अढी, आणि दुपारी पडवीत घमेलंभर रायवळ घेऊन बसलेली बच्चे कंपनी. हापूस सभ्य फळ आहे. कापावा, फोड उचलावी, विषय संपला. रायवळ चोखावा लागतो. त्या दुपारी मी विहिरीवर पंप बघायला जातो. आमच्या पंपाइतका वारंवार तपासला गेलेला पंप जिल्ह्यात नसेल.

मग इतकी वर्षं डॉक्टरकडे का गेलो नाही, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर आमच्या गावात आहे. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. कोकणात कुणी जरा विचित्र वागलं की 'याला आता रत्नागिरीस न्यायला हवा' म्हणायची पद्धत आहे. ज्यांचं गावच रत्नागिरी त्यांनी कुठे जावं? बायकोच्या चावण्याने मला संताप येतो, हे वाक्य घेऊन मी कुठल्या दारात उभा राहणार होतो? मी कानांत कापूस घालत राहिलो. पुढे पुण्याच्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंनी समजावलं, की सदासर्वदा कान बंद ठेवणं सर्वांत वाईट. आत येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपलं बटण वाढवतो आणि कापूस काढल्यावर जग आधीपेक्षा कर्कश लागतं. त्यापेक्षा आजूबाजूला मंद, अखंड आवाज असू द्यावा. पंखा, पाणी, पाऊस. म्हणजे माझा रेडिओ अगदीच चुकीचा नव्हता.

आवाजाने पिडलेली माणसं जगात जुनी आहेत. जर्मन तत्त्ववेत्ता शोपेनहाउअर याने १८५१ साली रस्त्यावरच्या गाडीवानांच्या चाबकांच्या कडकडाटावर लेख लिहून संताप ओकला. टॉमस कार्लाइलने १८५३ साली लंडनच्या आपल्या घरावर खास बिनआवाजाची खोली बांधून घेतली. पैसे गेले, पण हवी तशी शांतता काही मिळाली नाही. प्रूस्तने पॅरिसमधल्या शयनगृहाच्या भिंतींना बुचाचं अस्तर लावून घेतलं आणि आत पडून कादंबरी लिहिली. या थोरांची यादी वाचून आमच्यासारख्यांना उगाच बरं वाटतं. पण त्यांच्या घरच्यांचं, नोकरचाकरांचं काय झालं असेल, हा विचार आता मनात आल्यावाचून राहत नाही.

* * *

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी. मी 'आवाज सोसत नाही' असं म्हटलं की लोक लगेच डीजेकडे वळतात. गणपतीच्या मिरवणुकीत छातीचा पिंजरा हलवणाऱ्या भिंती रचल्या जातात, त्याबद्दलची तक्रार ही माझ्या कानांची तक्रार नाही, ती कुणाच्याही कानांची आहे. डेसिबलचं मोजमाप फसवं असतं. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट वाढते, वीस वाढले तर शंभरपट. केंद्र सरकारच्या २०००च्या नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. इस्पितळं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५च्या निकालात हे उचलून धरलं. मुंबईत सुमायरा अब्दुलअली २००३ पासून न्यायालयात आणि रस्त्यावर ध्वनिमापक घेऊन झगडत आल्या आहेत. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हेही त्याच न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बजावलं. कायदा आहे, तो पाळायला लावणं हे काम बाकी आहे.

आमच्या आळीत एक आठ वर्षांचा स्वमग्न मुलगा आहे. मिरवणुकीच्या दिवशी त्याची आई त्याला घेऊन दुपारीच भाट्याच्या किनाऱ्यावर जाते आणि रात्री उशिरा परतते. दरवर्षी. गेल्या वर्षी मी मंडळाच्या पोरांना तिच्याबद्दल सांगितलं. पोरं वाईट नव्हती. त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी त्या वळणावर वाजवणं थांबवलं आणि नुसत्या टाळ्यांवर आरती म्हटली. तो मुलगा गॅलरीत उभा होता, कानांवर हात ठेवून. पण उभा होता.

या मुलासाठी जगाकडे मागणं करायचा मला हक्क वाटतो. माझ्यासाठी तसा वाटत नाही. डीजे बंद करा म्हणता येतं. बायकोला जेवू नकोस म्हणता येत नाही. ध्वनिमापकावर तिचा घास उमटणारसुद्धा नाही. तिथे कायदा संपतो. तिथे जे करायचं ते दोन माणसांनी आपापसात बोलूनच करायचं असतं, आणि नेमकं तेच मी केलं नव्हतं.

१९९४ साली अण्णा आजारी पडले. शेवटचे तीन महिने त्यांना चमच्याने पेज भरवावी लागे. ओठ नीट मिटत नव्हते. मी पहिल्या दिवशी बसलो, चार चमचे झाले, आणि वाटी खाली ठेवून उठलो. त्यानंतर सगळी पेज माझ्या बायकोने भरवली. मी औषधं आणली, रात्री जागलो, पाय चेपले. जेवणाच्या वेळी मात्र हटकून बाहेर गेलो. अण्णा काही बोलले नाहीत. मुलाला आपल्या पंगतीचा कमीपणा वाटतो, ही त्यांची समजूत शेवटपर्यंत तशीच राहिली असणार. नाव कळायला मला आणखी तेवीस वर्षं लागायची होती.

* * *

मुलीच्या त्या फोननंतर दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, मेहुणीच्या नातवाची मुंज होती. मी सवयीप्रमाणे शेवटच्या पंगतीला बसायचं ठरवून मांडवाबाहेर उभा होतो. आत बायकांची पंगत चालली होती. माझी बायको आपल्या बहिणीशेजारी बसून पोह्याचा पापड खात होती. कडाकड मोडून, मान मागे टाकून, हसत. एक संपला, तिने वाढप्याकडून दुसरा मागून घेतला. मला तो आवाज तेवढ्या अंतरावरून येत नव्हता. मी नुसता बघत होतो. आणि मनात हिशेब सुरू झाला, बँकेतली सवय. आमच्या ताटात पापड शेवटचा कधी होता? तिच्या हातचे पोह्याचे पापड म्हणजे अख्ख्या नात्यात नावाजलेले. दर उन्हाळ्यात ती लाटते, डबे भरते, मुलीकडे पाठवते, बहिणींना देते. घरी तळलेला मला आठवेना.

रात्री घरी परतल्यावर विचारलं. ती केसांतला गजरा सोडत होती. म्हणाली, "तुम्ही बँकेच्या कामाला कोल्हापूरला जायचात ना, तेव्हा तळायची मी. दोन-दोन खायची."

"आणि मी असताना?"

"तुम्ही असताना वरणात भिजवून खायची आधी. मग त्यात काही मजा येईना. सोडलं."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. तीस वर्षांच्या संसारात मी हे एकटाच सोसतो आहे, असं मला वाटत होतं. आम्ही त्या रात्री बराच वेळ बोललो. मी तिला ते ग्रीक नाव सांगितलं, इन्सुला सांगितला, पडवीतलं ताट सांगितलं. अण्णांच्या पेजेचंही सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग त्यांना सांगायचं होतंत. मी सांगितलं असतं." काय सांगितलं असतं, हे मी विचारलं नाही.

पुण्याच्या त्या बाईंकडे मी पुढे सहा वेळा गेलो. हा त्रास समूळ जातो असं त्या म्हणाल्या नाहीत. ॲमस्टरडॅमच्या रुग्णालयात अशा माणसांच्या गटांवर विचार आणि वर्तन बदलण्याचे उपचार होतात आणि अनेकांना त्याने उतार पडतो, त्याच धर्तीचे काही धडे त्यांनी दिले. आवाज आला की त्या माणसाच्या हेतूवर जाऊ नये. जबडा सैल सोडावा. सोसत नसेल तर संताप वर चढायच्या आत शांतपणे उठावं, आणि उठताना कारण सांगून उठावं. शेवटची सूचना सर्वांत अवघड आणि सर्वांत गुणाची निघाली. आता आमच्या घरी मी "जरा पंप बघून येतो" म्हणत नाही. "आज जमत नाही," म्हणतो. नातवाला ते इतकं पाठ झालं आहे की तो मला विचारतो, "आजोबा, आज जमतंय?"

उन्हाळ्यात पापडांचा डबा आता आमच्याही घरात राहतो. एक युक्ती मात्र आम्हाला कुठल्या डॉक्टरने सांगितली नाही, ती आमची आम्हालाच सापडली. गेल्या रविवारी आमटीभात होता. रेडिओवर कसलीशी मुलाखत चालली होती. तिने पापड हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही माझा घेतला. दोघांनी एकदम मोडला, एकदम तोंडात टाकला. माझ्याच दाढांखालच्या कडकडाटात मला तिचा आवाज ऐकू आला नाही.

"आणखी एक?" तिने विचारलं.